तापल्यावर दम टाकणारा ट्रॅक्टर



तुमच्या घरी दहा-पंधरा वर्षे वापरलेला ट्रॅक्टर असेल, तर ही तक्रार तुम्हाला नवी नाही. सकाळी गार इंजिन पहिल्या सेल्फला सुरू होते. पहिली काही वळणे नांगर चांगला ओढला जातो. मग अर्धा-पाऊण तास झाला, की इंजिनाचा आवाज बसू लागतो. गिअर उतरवावा लागतो, नांगर चार बोटे वर घ्यावा लागतो, तरी ट्रॅक्टर रडतखडतच चालतो. बांधावर पंधरा मिनिटे उभा केला, की गडी पुन्हा ताजातवाना. पुन्हा अर्धा तास काम आणि पुन्हा तीच रड.

यावर गावात निदान तयार असते. "इंजिन गेलं. तापलं की दम धरत नाही. खोलून बोअर करून घ्या." एवढे ऐकले, की घरधन्याच्या पोटात गोळा येतो. कारण ही रड नेमकी नांगरटीच्या नाहीतर पेरणीच्या हंगामात कानावर येते. एरवी मोकळी ट्रॉली ओढताना इंजिनाची परीक्षाच होत नाही. हातात पैसा नसतो तेव्हाच खर्चाचा आकडा समोर येतो. मग कोणी सोने गहाण टाकतो, कोणी व्याजाने पैसे काढतो, तर कोणी उभा ट्रॅक्टर मातीमोल विकतो.

मी कृषी विस्तार अधिकारी आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठातून १९९२ साली बी. एस्सी. ॲग्री झालो. इंजिन हा माझा धंदा नव्हे. पण तीस वर्षे बांधावर फिरणाऱ्या माणसाला बियाण्याइतकेच प्रश्न ट्रॅक्टरविषयी विचारले जातात, आणि त्या निमित्ताने चार चांगल्या मिस्त्रींच्या शेजारी उभे राहून बरेच पाहायला मिळते. त्यातून मला एक गोष्ट पक्की कळली. पिकाचा रोग ओळखण्याची रीत आणि इंजिनाचा रोग ओळखण्याची रीत वेगळी नाही.

सोयाबीन पिवळे पडले म्हणून कोणी धावत आला, तर मी लगेच औषधाचे नाव सांगत नाही. आधी विचारतो, कोणती पाने पिवळी पडली? खालची जुनी, की शेंड्याची कोवळी? शिरा हिरव्या राहिल्या आहेत का? रानात पाणी साचते का? खालची जुनी पाने आधी पिवळी पडली तर नत्राकडे पाहावे. कोवळी पाने पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या, तर लोहाकडे पाहावे. पिवळेपणा दिसायला एकच, पण कारणे वेगळी आणि इलाजही वेगळे. न विचारता फवारले तर पैसा जातो आणि पीक तसेच राहते.

"तापल्यावर दम टाकतो" हे वाक्यही त्या पिवळेपणासारखेच आहे. त्यात तीन निरनिराळ्या गोष्टी एकत्र बांधल्या गेल्या आहेत. ट्रॅक्टर अर्धा तास नांगराला चालला, तेव्हा इंजिन तापले हे खरे. पण त्याच अर्ध्या तासात डिझेल टाकीतून सतत वाहत होते. आणि त्याच अर्ध्या तासात नांगराचा पूर्ण भार ट्रॅक्टरवर होता. म्हणजे दम जाण्याला उष्णता कारण असेल, नुसता गेलेला वेळ कारण असेल, किंवा भार कारण असेल. या तिघांतला खरा चोर कोणता, हे ठरण्याआधी इंजिनाचा एक बोल्टही ढिला करू नये. एवढेच मला आज सांगायचे आहे.

२०१८ सालच्या जून महिन्यातली गोष्ट सांगतो. आमच्या भागातल्या एका गावात मी बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक दाखवायला गेलो होतो. तिथे एक ताई आल्या. त्यांचे मालक दोन वर्षांपूर्वी वारले होते. सहा एकर काळी जमीन आणि मालकांनी जुना घेतलेला पस्तीस अश्वशक्तीचा ट्रॅक्टर, एवढीच मागे राहिलेली मिळकत. मुलाने बारावीनंतर शिक्षण सोडले होते. तो घरचे रान करून गावात भाड्याने नांगरट करायचा, त्यावर घर चालायचे.

ताई म्हणाल्या, "साहेब, बियाण्याचं नंतर बघू. दारात बैल न्हाईत, आन् ट्रॅक्टर सोमवारी चाललाय."

चौकशी केली तेव्हा कळले. ट्रॅक्टर अर्ध्या तासात दम टाकत होता. गॅरेजवाल्याने पंप आणि इंजिन दोन्ही खोलावे लागेल, साठ हजार धरून चला, असे सांगितले होते. साठ हजार घरात नव्हते. एका व्यापाऱ्याने पडत्या भावाने ट्रॅक्टर मागितला होता आणि पाच हजार इसारही दिला होता. सोमवारी तो उरलेले पैसे देऊन ट्रॅक्टर नेणार होता. तो दिवस गुरुवारचा होता.

मुलगा बाजूला मान खाली घालून उभा होता. मी त्याला विचारले, "दम किती वेळाने जातो?"

"नांगराला वीस-पंचवीस मिनिटांत."

"मोकळा रस्त्याने चालवला तर?"

"दोन तास चालवला तरी काही होत नाही."

"दम जातो तेव्हा धूर कसा पडतो?"

"धूर पडतच नाही, साहेब. उलट कमीच होतो."

"पाण्याचा काटा?"

"हिरव्यातच असतो."

"पुन्हा बरा कशाने होतो?"

"बंद करून दहा मिनिटं ठेवला की. चालू ठेवून नुसता उभा केला तर नाही होत."

बंधूंनो, पोराला सगळे माहीत होते. फक्त त्याला कोणी विचारले नव्हते. ट्रॅक्टर चालवणाऱ्याच्या बुडाला आणि कानाला जेवढे कळते, तेवढे कोणत्याही यंत्राला कळत नाही. पण आपल्याकडे आजाऱ्याला न विचारता औषध देण्याची खोड फार.

त्याच्या उत्तरांतच निदान होते. काटा हिरव्यात, म्हणजे इंजिन वाजवीपेक्षा जास्त तापत नव्हते. शिवाय दहा मिनिटांत एवढे मोठे लोखंड कुठे गार होते? उलट इंजिन बंद केले, की पाण्याचे फिरणे थांबते आणि पहिली काही मिनिटे आतली उष्णता वाढतेच. मग दहा मिनिटांत तो बरा होत असेल, तर गार होण्याचा आणि बरे होण्याचा संबंध नाही. धूर कमी होतो, याचा अर्थ इंजिनाला खायलाच कमी मिळते. डिझेल जास्त आणि हवा कमी असती, तर काळा धूर पडला असता. आणि मोकळ्या रस्त्यावर तक्रार का नाही? कारण मोकळ्या चालण्याला थोडे डिझेल पुरते, तर जड नांगरटीला त्याच्या कितीतरी पट लागते. वाटेत अडथळा असेल तर थोडी धार निघते, पण मोठी निघत नाही. गॅरेजच्या दारात उभ्या ट्रॅक्टरमध्ये हा दोष दिसणार कसा? मिस्त्रीला मी दोष देत नाही. त्याने तो ट्रॅक्टर भारावर कधी पाहिलाच नव्हता.

आम्ही ट्रॅक्टर रानात नेला आणि नांगर टाकला. बाविसाव्या मिनिटाला आवाज बसला. इंजिन चालू असतानाच टाकीचे झाकण ढिले करून पाहिले. झाकणाचे हवेचे भोक बुजले असते, तर 'फुस्स' असा आवाज येऊन हवा आत गेली असती आणि इंजिन सावरले असते. तसे झाले नाही. मग इंजिन बंद करून, वेळ न घालवता, टाकीकडून येणारी नळी फीड पंपाजवळ सोडली आणि खाली डबा धरला. धार कसली, थेंब थेंब पडत होते. तसेच थांबलो. सात-आठ मिनिटे गेली आणि आपोआप करंगळीएवढी धार सुरू झाली. रोग टाकीत होता.

टाकी रिकामी केली. तळातून प्लॅस्टिकचा तळहाताएवढा तुकडा निघाला. शेतात डिझेल नेण्याच्या कॅनचे बूच ढिले झाले होते, म्हणून त्याखाली खताच्या गोणीच्या आतल्या प्लॅस्टिकचा तुकडा लावत. तो कधीतरी डिझेलबरोबर टाकीत गेला होता. इंजिन ओढू लागले, की तो हळूहळू सरकत तोंडावर येऊन चिकटे. इंजिन बंद झाले, की ओढ संपे आणि तो पुन्हा सुटून तरंगे. टाकी धुतली, दोन्ही फिल्टर बदलले, हवा काढली. खर्च काही शे रुपयांचा झाला. संध्याकाळी ट्रॅक्टर अडीच तास न थांबता चालला.

सोमवारी व्यापारी आला. ताईंनी त्याच्यासमोर चहा ठेवला आणि त्याचे पाच हजार परत केले. पुढे २०२२ साली त्या ट्रॅक्टरचे इंजिन खरोखरच बांधावे लागले. रिंगा झिजल्या होत्या, तेल खात होता. त्या वेळी खर्च झाला, पण तो दिवाळीनंतर, सोयाबीनचे पैसे हातात असताना आणि चार गॅरेजांत भाव विचारून झाला. पेरणीच्या तोंडावर हातघाईने झाला नाही. खर्च चुकला नाही, पण वेळ आपल्या हातात राहिली. शेतकऱ्याच्या घरात या फरकाला काय किंमत आहे, ते तुम्हाला मी सांगायला नको.

तेव्हा पहिली शंका 'वेळे'ची घ्या, कारण तिची तपासणी जवळजवळ फुकट आहे. टाकीच्या झाकणाचे हवेचे भोक धुळीने बुजते का पाहा. टाकीच्या तोंडाची जाळी आणि गाळणीचा पेला स्वच्छ आहे का पाहा. रबरी नळी जुनी झाली, की आतून तिचा पदर सुटतो. बाहेरून ती धडधाकट दिसते आणि आतून मिटते. नळीला बारीक चीर असेल तर ती डिझेलबरोबर हवा ओढते. तात्पुरता पारदर्शक नळीचा तुकडा जोडला, तर बुडबुडे डोळ्यांनी दिसतात. हे सारे पाहताना जवळ विडी-काडी नको. आणि नोझलकडे जाणाऱ्या बारीक लोखंडी नळ्यांना इंजिन चालू असताना हात लावू नका. तिथल्या फवाऱ्याचा दाब इतका असतो, की डिझेल कातडीतून आत शिरते आणि हात गमावण्याची पाळी येते.

आता खऱ्या 'उष्णते'कडे येऊ. ती ओळखण्याची खूण वेगळी आहे. असा ट्रॅक्टर दहा मिनिटांच्या विश्रांतीने सुधारत नाही, त्याला चांगला तासभर लागतो. पहाटेच्या गारव्यात तो भार चांगला ओढतो, दुपारच्या उन्हात लवकर थकतो. पुष्कळदा गार असताना झटकन सुरू होतो, पण गरम असताना बंद केला तर सेल्फ मारून मारून बॅटरी उतरते.

इथे सर्वांत आधी रेडिएटर पाहा. मळणीनंतर त्याच्या जाळीत भुसा आणि धूळ बसून भिंत तयार होते. ती पाण्याने धुताना इंजिनाच्या बाजूने बाहेर धुवा. समोरून पाणी मारले तर कचरा आणखी आत रुततो. पंख्याचा पट्टा ढिला नाही ना, ते पाहा. बोअरचे खारे पाणी वर्षानुवर्षे घातले असेल, तर आत खाराचा थर बसतो, आणि बाहेरून कितीही धुतले तरी इंजिन गार होत नाही. गरम रेडिएटरचे झाकण मात्र कधी उघडू नका. थर्मोस्टॅट खराब झाला तर नवा घाला. "काढून फेका, त्याच्यावाचून चालतं," असे सांगणारे भेटतील. त्यांचे ऐकले तर इंजिन सदैव अर्धवट गार चालते, डिझेल जास्त खाते आणि लवकर झिजते.

काटा हिरव्यात असूनही दुपारी दम जात असेल तर टॅपेटची फट तपासून घ्या. ती फार कमी ठेवली असेल, तर इंजिन तापल्यावर व्हॉल्व्ह लांबतो आणि पुरता मिटत नाही, मग दाब निसटतो. हे काम तासाभराचे आहे. त्यानंतर पाळी येते डिझेल पंपाची.

हा पंप म्हणजे इंजिनाचे काळीज. खेड्यांत आजही त्याला 'मायकोचा पंप' म्हणतात. बंगळूरच्या मायको कंपनीची सुरुवात १९५१ सालची. २००८ साली तिचे नाव बॉश झाले, पण लोकांच्या तोंडचे जुने नाव गेले नाही. पंपाच्या आत दोन पोलादी भाग एकमेकांत इतके घट्ट बसवलेले असतात, की त्यांच्यातली फट मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजतात. डिझेलमधल्या धुळीने आणि पाण्याने ती फट वाढते. गार डिझेल दाट असते, म्हणून त्या वाढलेल्या फटीतून ते फार निसटत नाही. तापलेले डिझेल पातळ होते आणि निसटू लागते, मग नोझलला पुरते पोचत नाही. टाकीत डिझेल थोडे असेल तर हा त्रास लवकर होतो, कारण पंपावरून परत येणारे गरम डिझेल तेवढ्याच थोड्या डिझेलमध्ये मिसळत राहते.

२०२१ सालच्या एप्रिलमध्ये एका वयस्क बागाईतदारांचा ट्रॅक्टर असाच निघाला. त्यांचा खर्चाला विरोध होता. "त्या प्लॅस्टिकच्या तुकड्यासारखं काहीतरी असेल, शोधा," म्हणून ते हटून बसले. आम्ही टाकी पाहिली, नळी पाहिली, रेडिएटर धुतला, टॅपेट बसवले. सगळे ठीक होते, तरी दुपारी तोच प्रकार. मग पंप काढून जिल्ह्याच्या ठिकाणी टेस्ट बेंचवर लावला. गरम डिझेलवर त्याची धार निम्मीही भरली नाही. तिथे खर्च करावाच लागला, आणि तो योग्य होता. आधीची तपासणी वाया गेली असे समजू नका. तिच्यामुळेच खर्च योग्य जागी झाला, इंजिन खोलले गेले नाही.

एक धोक्याची सूचना देतो. पंपाची परीक्षा म्हणून तापलेल्या पंपावर थंड पाणी ओतणारे काही जण आहेत. इतकी बारीक फट असलेले पोलाद एकदम आकसले, तर आतला भाग जागच्या जागी जाम होतो आणि झिजलेला पंप पुरता मोडीत निघतो. तसे करू देऊ नका.

तिसरी गोष्ट 'भारा'ची. इथे पुष्कळदा इंजिनाचा काही अपराध नसतो. कान देऊन ऐका. नांगर अडल्यावर इंजिनाचा आवाज बसत असेल, तर ताकद इंजिनात कमी पडते आहे. पण आवाज तसाच राहतो किंवा चढतो, आणि चाके मात्र मंद होतात, जळका वास येतो, तर क्लच घसरतो आहे. क्लच प्लेट झिजली, की ती गार असताना धरते आणि तापली की घसरते. काळा धूर ओकत आवाज बसत असेल, तर हवा कमी पडते आहे. एअर क्लीनर उघडा. तेलाचा असेल तर वाटीतले तेल खुणेपेक्षा कमी नको, तसेच जास्तही नको. मळणीच्या दिवसांत ते रोज पाहावे.

डाळिंबाची क्रेट बाजारात नेणाऱ्या एका शेतकऱ्याची जुनी जीप दहा-बारा किलोमीटरनंतर अशीच मरगळायची. दोन ठिकाणी तिच्या इंजिनाची तपासणी झाली होती. एका सपाट जागी न्यूट्रलमध्ये टाकून आम्ही तिघांनी ढकलली, तर जागची हलेना. मागच्या एका चाकाचा ड्रम इतका तापला होता, की जवळ हात नेववत नव्हता. ब्रेक अडकून राहिला होता. तापला की ब्रेक आणखी घट्ट, घट्ट झाला की आणखी ताप, असा फेरा चालू होता. गाडी न्यूट्रलमध्ये ढकलून पाहायला पैसे पडत नाहीत.

घरात जुनी मोटारसायकल असेल तर तिलाही हेच तीन प्रश्न लावा. तिथे डिझेल पंप नसतो, त्याऐवजी ठिणगी पाहावी लागते. इग्निशन कॉइलची आतली गुंडाळी जुनी झाली, की ती तापल्यावर ठिणगी अशक्त पडते आणि गार झाली की पुन्हा पूर्ववत होते. पेट्रोल टाकीच्या झाकणाचे भोक इथेही विसरू नका. मात्र ते पाहताना गाडी बंद आणि थोडी गार झालेली असावी, कारण पेट्रोलची वाफ पेट घेते. दुसरे असे, की २०२५ साली आपल्या देशात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले गेले. आपल्या उसाला त्यातून गिऱ्हाईक मिळाले, ही चांगली गोष्ट. पण फार जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या आणि वॉशर अशा पेट्रोलसाठी घडवलेले नाहीत. ते फुगतात किंवा कडक होतात. तेव्हा जुन्या गाडीच्या नळ्या एकदा बदलून घेतलेल्या बऱ्या.

आता गावातल्या त्या निदानाकडे येऊ, "इंजिन गेलं" या. ते कधीच खरे नसते असे नाही. पण खरोखर झिजलेले डिझेल इंजिन आधी बहुधा गार असताना रडते. दाब कमी झाल्याने ते थंडीच्या सकाळी लवकर पेटत नाही. निळा धूर सोडते, तेल खाते, श्वासनळीतून भकाभका वाफ टाकते. जे इंजिन सकाळी पहिल्या सेल्फला पेटते, पहिला अर्धा तास निमूट भार ओढते आणि तेल खात नाही, त्याचे बोअर गेले असे म्हणणाऱ्याला दोन प्रश्न जरूर विचारा. विशेषतः ज्यांचे ट्रॅक्टर बनवणारे कारखानेच राहिले नाहीत, त्यांनी तर घाई मुळीच करू नये. पिंजोरचा एच. एम. टी. ट्रॅक्टरचा कारखाना बंद करण्याचा निर्णय २०१६ साली झाला, पण ते ट्रॅक्टर आजही कोणाकोणाच्या शेतात राबतात. असे इंजिन एकदा खोलून ठेवले आणि सुटा भाग मिळाला नाही, तर हंगाम निघून जातो आणि ट्रॅक्टर फळीवर पडून राहतो.

म्हणून गॅरेजला जाण्यापूर्वी एक काम करा. मुलांच्या वहीचा एक कागद घ्या आणि त्यावर सहा गोष्टी लिहा. किती मिनिटांनी दम गेला. त्या वेळी काय काम चालू होते, नांगर, रोटाव्हेटर की ट्रॉली. धूर कसा होता, काळा, निळा, पांढरा, की मुळीच नाही. पाण्याचा काटा कुठे होता. इंजिनाचा आवाज बसला की चढला. आणि कशाने व किती वेळात सुधारला. लागोपाठ तीन दिवस लिहा. ट्रॅक्टर जो चालवतो त्यालाच लिहू द्या. मग तो गडी असो, मुलगा असो की सून असो. हा कागद मिस्त्रीच्या हातात द्या. चांगला मिस्त्री तो वाचून खूश होईल, कारण त्याचे निम्मे काम झालेले असेल. आणि कागद न वाचताच जो पान्हा उचलतो, त्याच्याकडून आपला ट्रॅक्टर परत घेऊन यावा.

तपासणीचा क्रमही ध्यानात ठेवा. आधी जिला पैसे लागत नाहीत ती, मग जिला शे-दोनशे लागतात ती, मग हजारांची आणि सर्वांत शेवटी इंजिन खोलण्याची. झाकण, जाळी, नळी, फिल्टर. मग रेडिएटर, पट्टा, एअर क्लीनर, टॅपेट. मग ब्रेक आणि क्लच. मग पंप आणि नोझल. वरून खाली जाताना पुष्कळ जणांचा रोग पहिल्या चारांतच सापडतो, आणि नाही सापडला तरी नुकसान नाही.

आणि रोग होऊच नये म्हणून दोन सवयी. डिझेल नेहमी गाळून भरा आणि कॅनला धड बूच ठेवा. संध्याकाळी काम संपले, की टाकी भरून ठेवा. रिकाम्या टाकीत रात्री हवेतल्या ओलाव्याचे पाणी होते, आणि तेच पाणी पुढे पंप खाते. येत्या नांगरटीच्या आधी एक सकाळ यासाठी काढा. वही-पेन्सिल बरोबर घेऊनच ट्रॅक्टर रानात न्या.